प्रकाशाचा राजा आणि बॅटरीवरची पेटी

आजचा भाग मी चेन्नईहून बोलतोय. मुलीकडे आलोय. तिच्या गच्चीवरून परंगीमलै, म्हणजे सेंट थॉमस माउंटची टेकडी दिसते. त्या टेकडीच्या पायथ्याशी आमचं ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल होतं. आता त्याला अकादमी म्हणतात. १९८४ साली पदवीचा कागद घेऊन मी तिथे दाखल झालो, आणि जी काही अक्कल आली ती तिथल्या ड्रिल स्क्वेअरवर आली.

पण आजचा विषय फौजेचा नाही. टीव्हीवरच्या विज्ञान मालिकांचा आहे. नायक संकटात सापडतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत काहीतरी शास्त्रीय करामत करून सुटतो. ती सुटका खरोखर पटण्यासारखी असते का? आणि या प्रश्नासाठी चेन्नईच का निवडलं, ते थोड्या वेळात कळेल. सुरुवात मात्र टेकडीपासूनच करतो.

१८२० च्या सुमाराला या टेकडीजवळच्या तोफखान्याच्या छावणीतून सकाळ-संध्याकाळ एक तोफ उडायची. दुसरी उडायची फोर्ट सेंट जॉर्जवरून. तिकडे नुंगमबाक्कमच्या मद्रास वेधशाळेत जॉन गोल्डिंगहॅम नावाचे कंपनी सरकारचे खगोलज्ञ घड्याळ घेऊन बसायचे. तोफेचा उजेड दिसला की मोजायला सुरुवात, आवाज कानावर आला की थांबायचं. टेकडीपासून वेधशाळा सुमारे ९ किलोमीटर, म्हणजे आवाजाला यायला साधारण सव्वीस सेकंद. हे त्यांनी महिनोन् महिने केलं, सोबत तापमान, हवेतला दमटपणा आणि वारा यांची नोंद ठेवली. थंडीत आवाज हळू येतो आणि उन्हाळ्यात लवकर, हे आकड्यांनी दाखवलं. १८२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने तो निबंध छापला. उजेड दिसल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजायचे आणि तीनने भागून किलोमीटर काढायचे, हे आम्हाला शिकवलं ते याच मैदानांवर. गोल्डिंगहॅम साहेबांचं नाव मात्र तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आता बघा, आवाज हवेचा इतका मिंधा आहे की थंडी-उन्हाळ्यानेसुद्धा त्याची चाल बदलते. मग जिथे हवाच नाही तिथे काय? अवकाशात यान फुटलं तर आवाज शून्य. पण १९८९ च्या आसपास दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ लागायची, तिच्यात अवकाशात दणादण आवाज. नंतरच्या ‘कॅप्टन व्योम’मध्येही तेच. हॉलिवूडवालेही तेच करतात. माझे काही मित्र यावर फार चिडतात. मी नाही चिडत. आवाज ही सजावट आहे. तमाशात राजा जरीचा कोट घालून येतो, तेव्हा तो कोट कुठल्या शतकातला, असं कुणी विचारत नाही. विचारायचं ते एवढंच, की राजा सुटला कसा?

फौजेत युद्धाचा आराखडा करताना आपल्याकडच्या सगळ्या तुकड्यांची यादी असते. राखीव तुकडी कुठे आहे, तिला यायला किती तास लागतील, तिच्याकडे दारूगोळा किती, सगळं आधी लिहिलेलं असतं. सराव चालू असताना एखाद्या कॅडेटने अडचणीत आल्यावर ‘सर, इथे माझी एक टँक रेजिमेंट येते’ असं म्हटलं, तर प्रशिक्षक एवढंच विचारायचे: ‘यादीत होती का?’ विज्ञान मालिकेच्या लेखकालाही मी तोच प्रश्न विचारतो. यंत्र आज अस्तित्वात आहे की नाही हा मुद्दाच नाही. ते संकटाच्या आधीपासून यादीत होतं का, आणि वापरल्यावर त्याची किंमत मोजावी लागली का, एवढंच बघायचं.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं. मूळ मालिका १९६६ ते १९६९ ची. त्यातली माणसं एका चबुतऱ्यावर उभी राहतात, चमचम होते आणि ती खालच्या ग्रहावर उमटतात. ही कल्पना विज्ञानातून आली असं वाटतं ना? ती आली बजेटमधून. प्रत्येक भागात मोठं यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडेना, म्हणून माणसंच ‘पाठवायला’ लागले. पुढे नव्वदच्या दशकात नव्या मालिकेत कुणीतरी आक्षेप काढला, की कणांची जागा आणि वेग दोन्ही एकाच वेळी अचूक कळत नाहीत हे हायझेनबर्गने सांगून ठेवलंय, मग माणसाची नक्कल कशी काढता? तर लेखकांनी यंत्रात ‘हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर’ नावाचा एक भाग टाकून दिला. तो कसा चालतो, असं त्या मालिकेच्या तांत्रिक सल्लागारांना, मायकल ओकुडांना, एका साप्ताहिकाने विचारलं. त्यांचं उत्तर साधारण असं होतं, की छान चालतो, धन्यवाद. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. गंमत अशी की, कित्येक भागांत आधी हे यंत्र बिघडवावं लागतं, नाहीतर नायक पहिल्याच मिनिटाला निसटेल आणि गोष्टच संपेल. फुकट मिळालेलं शस्त्र लेखकालाही जड जातं.

आता चेन्नई.

तमिळमध्ये सुजाता नावाचे लेखक होऊन गेले. बाई नव्हेत, पुरुष. खरं नाव एस. रंगराजन. जन्म १९३५ चा, इथल्याच ट्रिप्लिकेनमधला. बालपण श्रीरंगमला आजीकडे. त्रिचीच्या सेंट जोसेफ कॉलेजमध्ये शिकले, तिथे अब्दुल कलाम त्यांच्याबरोबर होते. मग क्रोमपेटच्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत इलेक्ट्रॉनिक्स. काही काळ विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रण आणि मग बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स. रंगराजन नावाचे दुसरे एक लेखक आधीच प्रसिद्ध होते, घोटाळा नको म्हणून यांनी बायकोचं नाव घेतलं.

इथे आपल्याला आपले जयंत नारळीकर आठवणारच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली होती. परीक्षकांनी हस्ताक्षर ओळखू नये म्हणून मजकूर मंगलाताईंकडून लिहून घेतला. पहिलं बक्षीस मिळालं. एकाने बायकोचं नाव घेतलं, दुसऱ्याने बायकोचं अक्षर. दोघांना विज्ञान पोटापाण्यासाठी येत होतं आणि दोघांच्या कथांत ‘यादी’ आधी दिलेली असते. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, ही ‘कृष्णविवर’ कथेची यादी. तिची किंमतही सापेक्षता सिद्धांतातच लिहिलेली आहे: जाऊन परत या, पण घरची माणसं तुमच्यापेक्षा म्हातारी झालेली असतील.

सुजातांची ‘एन इनिय इयंदिरा’ ही कादंबरी ‘आनंद विकटन’ साप्ताहिकातून ऐंशीच्या दशकात क्रमशः आली. नावाचा अर्थ, ‘माझ्या लाडक्या यंत्रा’. पुढे दूरदर्शनवर तिची तमिळ मालिका झाली. मला तमिळ जेमतेम, ‘इंगे वा, अंगे पो’ एवढंच. मालिकेची गोष्ट मला शेजारच्या क्वार्टरमधल्या सुभेदार साहेबांनी समजावून सांगितली, आणि ते टीव्हीतल्या नटांपेक्षा जास्त रंगून सांगायचे.

गोष्ट एकविसाव्या शतकाच्या विशीतल्या भारताची. म्हणजे आत्ताचीच की! देशावर जीवा नावाचा हुकूमशहा. माणसांची नावं फक्त दोन अक्षरी, मूल हवं तर सरकारी परवाना. निला नावाची एक साधी गृहिणी. तिचा नवरा सिबी नाहीसा होतो, आणि ती त्याला शोधायला निघते. सोबतीला जीनो नावाचा यंत्रकुत्रा. तो पुस्तकं वाचतो, विनोद करतो आणि हळूहळू स्वतःच्या डोक्याने विचार करायला लागतो. अख्ख्या तमिळनाडूला त्या कुत्र्याने वेड लावलं. शोध शेवटी जीवापर्यंत पोचतो आणि कळतं, की जीवा माणूस नाहीच. तो होलोग्राम आहे. प्रकाशाची प्रतिमा. राज्य करणारे दुसरेच.

सुभेदार साहेब हे सांगताना हळू आवाजात बोलायचे, जणू जीवा खिडकीबाहेर उभा आहे.

आता या उलगड्याला आपण तपासणीच्या टेबलावर घेऊ. होलोग्रामची कल्पना डेनिस गॅबर यांना १९४७ मध्ये सुचली. लेझर आला १९६० मध्ये, तेव्हा ती नीट प्रत्यक्षात आली, आणि १९७१ मध्ये गॅबरना नोबेल मिळालं. म्हणजे सुजाता लिहीत होते तेव्हा वस्तू खरी होती. पण कशी खरी? होलोग्राम म्हणजे काच किंवा फिल्मवर उमटवलेली प्रकाशलहरींची नोंद. तुमची नजर त्या काचेतून किंवा काचेकडे गेली तरच प्रतिमा दिसते. भर दरबारात, मोकळ्या हवेत, चहूबाजूंनी बघता येईल असा राजा त्यातून उभा राहत नाही. प्रकाश वाटेत काही आडवं आल्याशिवाय वळून तुमच्या डोळ्यांत येत नाही. चेन्नईच्या दमट हवेतसुद्धा नाही.

दुसरं, राजाला हात हलवायचाय, बोलायचंय. मी कागदावर हिशोब केला. होलोग्रामच्या नोंदीला प्रत्येक मिलिमीटरमध्ये हजारभर ठिपके तरी लागतात. दोन मीटर उंच आणि एक मीटर रुंद जीवा घेतला, तर उभे २० लाख ठिपके आणि आडवे १० लाख. गुणाकार, २ लाख कोटी. दूरदर्शनच्या एका चित्रात साधारण ४ लाख ठिपके असायचे. म्हणजे जीवाची एक स्तब्ध प्रतिमा टीव्हीच्या ५० लाख चित्रांएवढी जड, आणि अशा सेकंदाला पंचवीस लागतील. त्या काळी सोडा, आजही हे ओझं कुणी सहज उचलत नाही.

मग सुजाता नापास? यंत्राच्या पेपरात नापास. पण मला वाटतं, त्यांनी दुसरा पेपर चांगला सोडवलाय. जो देश माणसाला मूलसुद्धा परवान्याशिवाय होऊ देत नाही, त्या देशात राजाच्या जवळ कोण जाणार? दहा फुटांवरून बघायचं, टाळ्या वाजवायच्या, घरी जायचं. परवान्यांचं राज्य गोष्टीच्या सुरुवातीपासून यादीत आहे. होलोग्राम टिकतो तो लेझरच्या जोरावर नाही, अंतराच्या जोरावर टिकतो.

हे आम्हा फौजी माणसांना लगेच कळतं. १९४४ मध्ये अमेरिकन सैन्याची एक तुकडी युरोपात होती, तेविसावी हेडक्वार्टर्स स्पेशल ट्रूप्स. सुमारे अकराशे माणसं. त्यांच्याकडे रबरी फुगवलेले रणगाडे आणि मोठमोठे कर्णे. रात्री कर्ण्यांवर चिलखती दलाच्या हालचालीचे आवाज लावायचे. जर्मनांना वाटायचं, अख्खी डिव्हिजन आली. रबरी रणगाडा खरा वाटण्याची एकच अट होती: शत्रूचा माणूस हात लावण्याइतका जवळ येता कामा नये. आणि त्या अटीची किंमत होती. अकराशे माणसं तोंड बंद ठेवून ते फुगे सांभाळत होती. सुजातांनीही ती किंमत दाखवलीय. जीवाच्या मागे माणसं लागतात. पुढच्या ‘मीण्डुम जीनो’ या कादंबरीत निला नावाची राणी बनते आणि दोऱ्या रवी आणि मनो यांच्या हातात राहतात. प्रतिमा बदलली, यंत्रणा तीच.

पुढचा भाग तर सुजातांनी पाहिलाच नाही. ते २००८ च्या फेब्रुवारीत चेन्नईत गेले. २०१२ च्या गुजरात निवडणुकीत आणि २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत नरेंद्र मोदींच्या सभा एकाच वेळी अनेक गावांत झाल्या, प्रतिमेच्या रूपात. वर्तमानपत्रांनी त्याला होलोग्राम म्हटलं. तो होलोग्राम नव्हता. ती १८६२ ची युक्ती होती. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी नाताळच्या सुमाराला रंगमंचावर भूत दाखवलं. मोठी काच तिरपी उभी करायची, खाली दडलेल्या नटावर झगझगीत उजेड टाकायचा, त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि प्रेक्षकांना वाटतं, भूत मंचावर चालतंय. रात्री एसटीच्या खिडकीत आपलाच चेहरा बाहेरच्या शेतावर तरंगताना दिसतो ना, तेच. आता काचेऐवजी ताणून बसवलेला पारदर्शक पडदा आणि नटाऐवजी प्रोजेक्टर. दोन लाख कोटी ठिपक्यांची गरजच नाही, साधं सपाट चित्र पुरतं. म्हणजे जीवाच्या प्रश्नाचं उत्तर सुजातांच्या आधी सव्वाशे वर्षं तयार होतं, जुन्या नाटकवाल्यांच्या सामानात.

आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये याच चेन्नईत, नंदनमच्या मैदानावर, द्रमुकच्या मेळाव्यात करुणानिधी पडद्यावर अवतरले आणि बोलले. ते २०१८ मध्ये वारले होते. प्रतिमा आणि आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेले. इथे लपवाछपवी नव्हती, सगळ्यांना माहीत होतं, लोकांनी प्रेमाने टाळ्या दिल्या. फरक आहेच, आणि तो मोठा आहे. तरी टीव्हीवर ते दृश्य बघताना मला सुभेदार साहेबांचा हळू झालेला आवाज आठवला.

जीनोची गोष्ट दोन वाक्यांत सांगतो. १५ जानेवारी २०२५ ला सेना दिनाचं संचलन पुण्यात झालं, तेव्हा चार पायांचे यांत्रिक ‘म्यूल’ आमच्या जवानांबरोबर रांगेत चालत गेले. पुस्तक वाचत नाहीत, विनोदही करत नाहीत, पण पायऱ्या चढतात, आणि यांची बॅटरी संपते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा फेरा घेतला, ती सांगतो.

निवडणुका नसलेल्या देशाची गोष्ट लिहिणारे हे रंगराजन दिवसा काय करत होते? भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राच्या कामात ते प्रमुखांपैकी एक होते. हेच डोकं, हाच हात. यंत्राची कल्पना निवडणूक आयोगाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीला पुढे आणली. १९८२ च्या मे महिन्यात केरळच्या परूर मतदारसंघात ५० मतदान केंद्रांवर ते पहिल्यांदा वापरलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कायद्यात अशा यंत्राची तरतूद नाही, त्या ५० केंद्रांवर पुन्हा मतपत्रिकेने मतदान घ्या. म्हणजे यंत्र चाललं होतं, पण ‘यादीत’ नव्हतं! मग कायदा बदलला, आणि १९९८ पासून यंत्रं पुन्हा मैदानात उतरली. तमिळनाडूत २००१ ची विधानसभा निवडणूक सगळी यंत्रावर झाली.

या यंत्रापुढे एक संकट उभं होतं, अगदी मालिकेतल्यासारखं. मतदान केंद्र ताब्यात घेणारे गुंड. मतपत्रिकांच्या काळात दहा माणसं आत घुसली, की अर्ध्या तासात गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारून पेटीत कोंबायची. टीव्हीवाल्या लेखकाने इथे काय केलं असतं? बोटाचा ठसा ओळखणारा लाल किरण किंवा गुंडाला झटका देणारी पेटी. खऱ्या अभियंत्यांनी काय केलं? पेटी हळू केली. जुन्या यंत्रांत मिनिटाला पाचपेक्षा जास्त मतं नोंदवताच येत नाहीत. सहाशे खोटी मतं टाकायची तर दोन तास केंद्रात ठाण मांडून बसायला हवं, आणि दोन तासांत पोलीस, निमलष्करी दल, कुणीतरी पोचतंच. शिवाय केंद्राधिकाऱ्याकडे एक बटण. ते दाबलं की त्यापुढे एकही मत घेतलं जात नाही. विजेची तार नको, बॅटरी पुरे, कारण हजारो खेड्यांत वीज असेलच याची खात्री नव्हती. रेडिओ नाही, नेटवर्क नाही.

या यंत्रावर वाद झाले, होत आहेत, पुढे कागदाची चिठ्ठीही जोडावी लागली. संशय घेणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. जीवाची गोष्ट वाचलेला माणूस विचारणारच, की पडद्यामागे कोण आहे. पण युक्ती म्हणून बघा. गुंडाची ताकद कशात आहे हे ओळखलं. ती वेगात होती. मग वेगच काढून घेतला. यात एकही अनोळखी किरण नाही, आणि किंमत उघड आहे: रांगेतल्या प्रामाणिक मतदारालाही थोडं थांबावं लागतं. असा उलगडा मला कुठल्याही विज्ञान मालिकेत बघायला आवडेल. पण टीव्हीवर तो कुणी घेणार नाही. कॅमेऱ्यासमोर दोन तास काहीच घडत नाही, त्याला प्रायोजक कोण देणार?

निवृत्तीनंतर एकदा गावच्या शाळेत मतदानाला गेलो होतो. माझ्यापुढे एक आजी होत्या. बटण दाबून त्या आडोशामागे तशाच उभ्या राहिल्या. मतदान अधिकारी म्हणाल्या, ‘झालं हो आजी, चला.’ आजी म्हणाल्या, ‘थांब गं, आवाज येऊ दे की.’ मग तो लांबलचक बीप वाजला. आजींनी पदर सारखा केला आणि निघाल्या.

पुढच्या भागात याच टेकडीवर परत येऊ. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने इथूनच साखळी टाकून हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली, त्याची गोष्ट. जय हिंद.